रागावला की उडणारा सेक्रेटरी

सोसायटीच्या पाण्याच्या टाकीवर वीज पडते, ते पाणी प्यायलेल्या पाच रहिवाशांच्या अंगी अचाट शक्ती येतात आणि त्यांपैकी एकालाही आपली शक्ती धड वापरता येत नाही, एवढ्या कल्पनेवर आमच्या चित्रपटाची पटकथा उभी होती. पोळी-भाजी केंद्र चालवणाऱ्या वहिनींचे तळवे तापतात. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या तरुणाच्या अंगाला पाने, पकडी आणि शेजाऱ्यांची स्टीलची भांडी येऊन चिकटतात. नववीतली एक मुलगी एका हाताने स्कूटर उचलते, वॉचमनला साऱ्या इमारतीतले फोनवरचे बोलणे ऐकू येऊ लागल्याने त्याची रात्रीची हक्काची झोप जाते, आणि सोसायटीचा सेक्रेटरी, म्हणजे मी, राग आला की जमिनीवरून वर उठतो आणि राग ओसरला की असेल तिथून खाली आदळतो. पुनर्विकासाच्या नावाखाली इमारत घशात घालू पाहणारा बिल्डर आणि त्याची माणसे यांच्याशी या पाच जणांनी दिलेला लढा म्हणजे तो चित्रपट. मारामारी भरपूर, पण प्रत्येक मारामारीत हसू आले पाहिजे, अशी दिग्दर्शकाची अट होती.

मी व्यवसायाने नट नाही. बँकेत नोकरी केली, संध्याकाळी तालमी केल्या आणि राज्य नाट्य स्पर्धेच्या कोल्हापूर केंद्रावर वर्षानुवर्षे सासरे, सरपंच आणि हेडमास्तर रंगवले. माझी निवड मोबाइलवर चित्रित करून पाठवलेल्या एका प्रवेशावर झाली. त्यात मी पार्किंगवरून शेजाऱ्याशी भांडत होतो. त्यानंतर फोनवर विचारले गेलेले पहिले प्रश्न मात्र अभिनयाचे नव्हते. वजन किती, रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत का, मणक्याचे काही दुखणे आहे का आणि उंचीची भीती वाटते का, एवढेच त्यांना हवे होते. वजन 78 किलो सांगितले. बाकीच्या प्रश्नांची उत्तरे नकारार्थी होती, तरीही ईसीजी काढून पाठवावा लागला आणि विम्याच्या कागदांवर सह्या झाल्या, तेव्हा कुठे मला संहिता मिळाली.

नाटकातला माणूस चित्रपटात गेला की आधी चेहऱ्याचा विचार करतो. या चित्रपटात माझ्या चेहऱ्याआधी माझ्या कमरेचा विचार झाला. फाइट मास्टरांनी पहिल्याच भेटीत माझी उंची, कंबर आणि मांड्यांचे माप घेतले आणि समोर हार्नेस ठेवला. हा हार्नेस म्हणजे जाड विणीच्या रुंद पट्ट्यांचा कंबरपट्टा, मांड्यांभोवती आवळायचे दोन पट्टे आणि कमरेच्या दोन्ही बाजूंना दोन फिरत्या कड्या. दोर अडकतो तो या कड्यांना. कड्या कुठे येतात यावर सगळे अवलंबून असते. शरीराचा गुरुत्वमध्य साधारण बेंबीच्या जरा खाली असतो. कड्या त्याच्या वर राहिल्या तर लटकलेला माणूस आपोआप सरळ उभा राहतो, खाली गेल्या तर वरचा भाग जड होऊन तो उलटा होतो, आणि अगदी जवळ आणल्या तर त्याला थोड्याशा जोराने कोलांटी मारता येते. सराईत फायटर ही जागा दोन बोटे वर-खाली करून स्वतःला हवे तसे बसवून घेतात. माझ्या बाबतीत पोटाने हा हिशेब बदलून टाकला होता. मध्य पुढे सरकल्यामुळे मला उचलले की मी ताठ न राहता किंचित पुढे झुकत असे, हात नकळत पसरत आणि पाय मागे राहत. फाइट मास्टर ते सुधारण्यासाठी पट्टे आवळू लागले तेव्हा दिग्दर्शकाने त्यांना थांबवले. रागाने समोरच्याच्या अंगावर धावून जाणारा आणि त्या भरात जमीन सुटलेला माणूस असाच दिसेल, असे त्याचे म्हणणे होते, आणि ते मला आजही पटते.

लटकण्याची सवय करून घेणे हा पुढचा टप्पा. पहिल्या दिवशी जमिनीपासून हातभर उंचीवर मला नुसते ठेवले गेले. मांड्यांच्या पट्ट्यांवर सारा भार येतो, श्वास वरच्या वर राहतो आणि थोड्याच वेळात पायांना मुंग्या येतात. माणूस पाय न हलवता बराच वेळ लटकत राहिला तर रक्त पायांत साचून भोवळ येऊ शकते, म्हणून दोन टेकमध्ये त्याला खाली उतरवायचेच, असा तिथे दंडक होता. प्रकाशयोजना बदलायला कितीही वेळ लागो, नटाला वर ठेवून ती बदलली जात नसे. "काका, अंग सैल सोडा, ताठ झालात की आम्हाला जास्त ओढावं लागतं," असे एक फायटर मला वारंवार सांगत असे. रागाचा अभिनय करताना अंग सैल सोडायचे हे ऐकायला सोपे वाटते. नाटकात राग आम्ही मुठी, मान आणि जबडा आवळून दाखवतो. इथे मान आणि जबडा माझ्याकडे राहिला, कमरेखालचा भाग फायटरांच्या स्वाधीन झाला.

हे फायटर म्हणजे दोर ओढणारे पाच जण. परदेशी चित्रपटांत हे काम संगणकावर चालणारे रहाट करतात असे ऐकले होते. आमच्याकडे, आणि भारतातल्या कितीतरी चित्रीकरणांत, ते माणसेच करतात. क्रेनच्या टोकाला बसवलेल्या पुलीवरून दोर खाली येतो आणि एका सुट्या, हलत्या पुलीतून जाऊन त्याचे टोक जमिनीवर पक्के केलेले असते. फायटर ती हलती पुली घेऊन पळतात. या रचनेत ते 1 मीटर पळाले की मी 2 मीटर वर जातो, म्हणजे वेग दुप्पट मिळतो, पण त्याची किंमतही दुप्पट असते. माझे 78 किलो त्यांच्या हाताला 156 किलोंचे लागतात, घर्षण वेगळे. पाच माणसे का लागतात याचे उत्तर एवढेच. दोरावर लाल चिकटपट्टी लावलेली असते. ती जमिनीवरच्या खुणेपाशी आली की पाचही जण एकाच पावलावर थांबतात, आणि मी ज्या उंचीवर थांबायचे ठरले आहे तिथेच थांबतो. खाली येताना शेवटचा फूटभर ते दोर मोकळा सोडत, कारण आदळणे खरे दिसायला हवे होते. खाली जाड गादी असे आणि ती फरशीच्याच रंगाच्या कापडाने झाकलेली असे.

त्यांना इशारा द्यायचा कसा, यावर तालमीत बराच काथ्याकूट झाला. मास्टरांनी "अप" म्हटल्यावर उठलो तर माझा राग आणि माझे उठणे यांत फट दिसू लागली. अखेर इशारा माझ्या संवादातच ठेवला गेला. ‘मेंटेनन्स’ हा शब्द आला की ओढायचे आणि ‘जाऊ द्या’ म्हटले की सोडायचे. परिणामी त्या पाच जणांना माझी सगळी वाक्ये तोंडपाठ झाली. त्या शब्दाआधी मी घेत असलेला विरामही त्यांनी मोजून ठेवला होता. नाटकात विंगेत उभा राहून शब्द पुरवणारा प्रॉम्प्टर मी पाहिला होता, संवाद ऐकून नटाला उचलणारी मंडळी मला पहिल्यांदाच भेटली.

आता हेलकाव्याविषयी. क्रेनखाली लटकलेला माणूस लंबकाच्या नियमाने झुलतो आणि लंबकाचा काळ वजनावर नव्हे तर दोराच्या लांबीवर ठरतो, हे शाळेत शिकलेले सत्य मी स्वतःच्या अंगाने शिकलो. आमचा दोर पुलीपासून सुमारे 9 मीटर लांब होता. एवढ्या लांबीवर एका पूर्ण हेलकाव्याला जवळजवळ 6 सेकंद लागतात. मला तेवढेच लागत आणि माझ्यापेक्षा कितीतरी हलक्या असलेल्या त्या नववीतल्या मुलीलाही तेवढेच. घाई करून उपयोग नसतो. वरून एक ढकल मिळाली की त्या 6 सेकंदांच्या चालीतच बोलावे लागते. पटकथेत पहिल्या मजल्यावरच्या जोशीकाकांशी माझे भांडण होते आणि मी त्यांच्या बाल्कनीसमोर तरंगत त्यांना थकबाकीचे आकडे सुनावतो, असे लिहिलेले होते. तालमीत मी स्थिर राहीना. तेव्हा लेखकाने तिथेच बसून संवाद नव्याने तोडले. मी बाल्कनीजवळ येतो तेव्हा वाक्याचा जोरदार तुकडा, दूर जातो तेव्हा पुटपुट. जोशीकाका मी परत येईपर्यंत हातातला चहा पितात आणि मी पोहोचलो की उत्तर देतात. हेलकाव्याच्या टोकाला शरीर क्षणभर थांबते, तिथे ‘दंड’ हा शब्द बसवला. चित्रपटातले सर्वांत जास्त हशा मिळवणारे दृश्य ते ठरले, आणि त्यातला विनोदाचा ताल पूर्णपणे दोराच्या लांबीने ठरवलेला होता.

दिग्दर्शकाचा आणखी एक आग्रह होता, ज्यामुळे सगळ्यांचे काम वाढले. उडण्याच्या दृश्यात जमीन दिसलीच पाहिजे, असे तो म्हणे. निळ्या आभाळासमोर, छातीपासून वर दिसणारा उडता माणूस भव्य वाटतो. पण तोच माणूस जमिनीपासून दोन फुटांवर, पायांत चपला घालून, खाली ठेवलेल्या कुंडीला अंगठा लागू नये म्हणून पाय आखडताना दिसला की हसू येते. विनोदाला वजन लागते. सामान्य माणसाला शक्ती मिळाली आहे हे प्रेक्षकाला पटवायचे असेल तर त्याचे सामान्यपण, म्हणजे त्याचे पोट, त्याची चप्पल, त्याचा पायजमा, शक्तीच्या जोडीने त्याच चौकटीत दिसावे लागते. सफाईने उडणे दोन दिवसांत जमते, असे फायटर म्हणत. न जमणारे उडणे रोज त्याच ठिकाणी, त्याच वेळी, तसेच न जमवून दाखवणे कितीतरी अवघड असते.

जमीन दाखवायची म्हणजे खऱ्या इमारतीत चित्रीकरण आले, आणि दोर झाकायला जागा उरत नाही. दोर पुढे संगणकावर पुसले जातात. त्यासाठी नट नसताना तीच चौकट पुन्हा टिपून ठेवतात, तिला क्लीन प्लेट म्हणतात. दोराने झाकलेला प्रत्येक ठिपका त्या रिकाम्या चित्रातून उचलून भरला जातो. सेकंदाला 24 चित्रे असतात, त्यामुळे अर्ध्या मिनिटाच्या दृश्यात 720 चित्रांतले दोर पुसावे लागतात. मागची भिंत स्थिर असेल तर हे काम कंटाळवाणे पण सोपे असते. आमच्या मागे भिंत नव्हती, तीन मजल्यांवरच्या बाल्कन्यांत वाळत घातलेले कपडे होते. वाऱ्याने साड्या हलत, म्हणजे क्लीन प्लेटमधली साडी आणि दृश्यातली साडी कधीच जुळत नसे. इफेक्ट्सच्या सुपरवायझर बाईंनी पहिल्याच दिवशी वर पाहून कपाळाला हात लावला. कपडे काढावेत तर मध्यमवर्गीय इमारत ओळखू येईना. अखेर कला विभागाने माझ्या दोराच्या रेषेत येणाऱ्या साड्या काढून तिथे जाड चादरी आणि टॉवेल घातले, त्यांना वरून चिमटे आणि खालून शिवलेल्या सळ्या लावल्या. ज्या साड्या दोरापासून लांब होत्या त्या मात्र मोकळ्या हलू दिल्या. पडद्यावर पाहताना कोणाच्या लक्षात येत नाही, पण मला ते न हलणारे टॉवेल अजूनही आधी दिसतात.

थोडी दृश्ये गोरेगावच्या चित्रनगरीत क्रोमासमोर, म्हणजे मागून दुसरे चित्र जोडता यावे म्हणून लावलेल्या हिरव्या पडद्यासमोर झाली, कारण सेक्रेटरी शेवटी रागाच्या भरात इमारतीच्या गच्चीच्याही वर जातो. हिरवा पडदा वापरतात, कारण माणसाच्या त्वचेत तो रंग कमी असतो आणि कॅमेऱ्याच्या सेन्सरवर हिरवा टिपणारे बिंदू लाल किंवा निळ्याच्या दुप्पट असतात, त्यामुळे कडा स्वच्छ निघतात. माझे टक्कल मात्र चकचकीत आहे. खालून, वरून आणि तिन्ही बाजूंनी हिरवे कापड असल्यामुळे डोक्यावर हिरवी झाक उतरे आणि संगणक तेवढा भाग पार्श्वभूमी समजून कापून टाकी. मेकअपदादांनी पावडरीचे थर चढवले, मागचा पडदा लांब सरकवला, डोक्याच्या मागून पिवळसर प्रकाश टाकला, तेव्हा कुठे माझी कवटी चित्रात टिकली. गंभीर चित्रपटात या प्रसंगी नटाला टोपी घातली असती. इथे टक्कल हेच पात्र होते.

दोन टेकच्या मधल्या वेळात युनिटमधली मंडळी जुन्या गोष्टी काढत. 1917 सालच्या ‘लंकादहन’मध्ये दादासाहेब फाळक्यांनी मारुतीला उडवले होते, आणि त्याच चित्रपटात राम आणि सीता अशा दोन्ही भूमिका अण्णा साळुंके यांनी केल्या होत्या. त्याआधी हेच साळुंके ग्रँट रोडवरच्या एका उपाहारगृहात काम करत होते आणि तिथूनच ते फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’मधली तारामती झाले. मालेगावचा विषय तर हटकून निघे. तिथे नासिर शेख आणि त्यांच्या मित्रांनी यंत्रमागावर काम करणाऱ्या शफीक शेख यांना सुपरमॅन करून हिरव्या कापडासमोर उडवले, आणि फैजा अहमद खान यांनी त्या धडपडीवर केलेल्या माहितीपटामुळे ती गोष्ट जगभर गेली. आमच्या पाच फायटरांपैकी एकाला तो माहितीपट पाठ होता. एवढ्या साधनांनिशी आपण करतो ते त्यांनी जवळजवळ काहीही नसताना केले, असे तो म्हणे आणि पुन्हा दोराला हात घालत असे.

जिन्यातल्या मारामारीविषयी लिहिण्यासारखे बरेच आहे, पण त्यातला माझा वाटा थोडा होता. फायटरांनी ती आधी खोक्यांचा जिना मांडून मोबाइलवर चित्रित केली होती, तीत "धाड", "धप्प" असे आवाजही तोंडाने भरले होते, आणि दिग्दर्शकाने त्या तुकड्यांवर कात्री चालवूनच कॅमेऱ्याच्या जागा ठरवल्या. प्रत्यक्षात ठोसा आणि गाल यांत वीतभर अंतर असते. कॅमेरा त्या रेषेत आणि लांब भिंगावर ठेवला की ते अंतर नाहीसे होते. काही हाणामाऱ्या सेकंदाला 24 ऐवजी 22 चित्रे टिपून घेतल्या, म्हणजे पडद्यावर त्या किंचित वेगाने घडतात. स्कूटर उचलणाऱ्या मुलीचे काम मला सर्वांत नाजूक वाटले. स्कूटर फायबरची, आतून पोकळ आणि वरून दोराने तोललेली होती, पण प्रेक्षकाला ती जड वाटली पाहिजे आणि मुलीला मात्र हलकी. मुलीने मनगट सैल ठेवले की स्कूटरच खोटी दिसे आणि जोर लावला की तिची शक्ती खोटी दिसे. मार्ग निघाला तो स्कूटरच्या बाजूने: स्टँड, आरसा आणि नंबरप्लेट खऱ्या लोखंडाच्या लावल्या, त्या उचलताना लोंबकळत आणि खडखडत, आणि मुलगी दुसऱ्या हाताने दप्तराचा पट्टा सारखा करत असे.

चित्रीकरणातला आवाज बहुतेक ठिकाणी वापरता आला नाही, कारण क्रेन आणि जनरेटर यांची घरघर त्यात भरलेली होती. त्यामुळे अंधेरीतल्या एका स्टुडिओत डबिंग झाले. खुर्चीत बसून किंवा माइकसमोर आरामात उभे राहून बोललेला माझा आवाज चित्रातल्या लटकलेल्या माणसाचा वाटेना; हार्नेसमध्ये श्वास पोटात उतरत नाही आणि वाक्याच्या शेवटी स्वर आपोआप वर चढतो. ध्वनिमुद्रकाने सुचवल्यावरून मी कमरेचा पट्टा नेहमीपेक्षा दोन भोके आवळून घेतला आणि टाचा उचलून बोललो. त्याने काम झाले. अडले ते ‘जाऊ द्या’पाशी. पडताना माणूस ओरडतो, माझाही सूर तसाच लागत होता, पण सेक्रेटरी पडतो तो राग संपला म्हणून, तेव्हा त्या दोन शब्दांत भीतीचा लवलेश नको, असे दिग्दर्शकाचे म्हणणे होते. तो शब्द शांतपणे, जवळजवळ समजूत घालणाऱ्या स्वरात म्हणायचा, ओरडणे गिळायचे आणि आदळल्यानंतरच ‘आई गं’ म्हणायचे, असे ठरले. चपलांचा आवाज मात्र वेगळा मुद्रित झाला, कारण दिग्दर्शकाला मी आदळल्यानंतर थोड्या अंतराने, एकामागून एक, दोन्ही चपला पडलेल्या ऐकू यायला हव्या होत्या. स्टुडिओतल्या चपला रबरी होत्या आणि त्यांचा आवाज फरशीवर मऊ येत होता, म्हणून माझ्या पायांतली कोल्हापुरी जोडी मागून घेण्यात आली आणि तो सारा वेळ मी ध्वनिमुद्रकाच्या खोलीत अनवाणी बसलो होतो.